मुठीची चुगली

मी एक जुनी साखळी आहे, कुत्र्याची. गंजले आहे, पण काही विसरलेले नाही, आणि आज मालकाची चुगली करायला बसले आहे. मित्रांनो, चुगली करणं वाईट, असं ते तुम्हाला सांगतील. ते निवृत्त हेडसर आहेत. उपदेशात त्यांचा हात कोण धरणार?

एक्केचाळीस कड्या जोडून कारखान्यात मला घडवलं. माझ्या एका टोकाला ढब्बू नावाचा कुत्रा आला, दुसऱ्या टोकाला सरांची मूठ. ढब्बू भलता हुशार. कुकरची शिट्टी आणि सरांची शिट्टी यांतला फरक तो आठवड्यात शिकला. एकीला नुसता कान हलवायचा, दुसरीला धावत यायचा. असा फरक ओळखणं हे शहाणपणच, आणि सगळे त्याचं कौतुक करत.

पण सर त्याला आणखी एक फरक शिकवत होते, तो फक्त मला ठाऊक होता. पुलापलीकडच्या वस्तीतलं कुणी समोरून आलं की त्यांची मूठ आवळायची. मी ताणली जायचे, ढब्बूच्या गळ्याला हिसका बसायचा. तोंडाने सर हसून नमस्कार करत. ढब्बूला तो नमस्कार कळत नव्हता, हिसका कळत होता. पुलापलीकडचं माणूस म्हणजे गळ्याला त्रास, एवढं तो शिकला आणि गुरगुरू लागला. सर शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत, की कुत्र्यांना माणसांची पारख असते.

एका सकाळी पुलापलीकडच्या शिवणकामवाल्या मावशी पडदे द्यायला आल्या. मूठ आवळली, आणि ढब्बू त्यांच्या हाताला कडकडून चावला. सहा टाके पडले, मशीन महिनाभर बंद. ढब्बूला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवा, असा अर्ज सरांनीच केला. जात्याच दुष्ट कुत्रा आहे, असं त्यात लिहिलं. त्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. त्यांनी मला स्वतःच्या हातात सैल धरलं आणि मावशींना कुंपणाबाहेरून चालायची विनंती केली. मावशी गेल्या. ढब्बूने हवा हुंगली आणि खाली बसला. मग बाईंनी मला सरांच्या हाती दिलं. मावशी पुन्हा निघाल्या आणि मूठ आवळली. एरवी मी मुकाट ताणली जायचे, त्या दिवशी सगळ्या कड्या खणखणा वाजवल्या. ढब्बू गुरगुरत उठला.

सर म्हणाले, "मी काहीच केलं नाही."

मावशी म्हणाल्या, "सर, मूठ बघा तुमची. अजून उघडली नाहीये."

ढब्बू वाचला. बाई त्याला आपल्या घरी घेऊन गेल्या. मला सरांनी दाराजवळच्या खिळ्याला टांगलं आणि ते विसरले. माझ्यावर गंज चढला. दार अरुंद आहे. जाता-येता सरांचा पांढरा सदरा मला घासतो आणि खांद्यावर तांबडा डाग पडतो. साबणाने तो जात नाही.

मित्रांनो, कुत्र्यावर माया करा, साखळीला वेळच्या वेळी तेल घाला, आणि कुणी समोरून आलं की आपल्या मुठीकडे एकदा बघा. मला मात्र तेल नको. सरांचे अजून दोन सदरे कोरे आहेत.