जमनाला चालणारं पुस्तक

ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत वाचायची पुस्तकं सेलिनाबाई आणि त्यांचे यजमान दरवर्षी मिळून ठरवायचे. ते मोठ्यानं वाचत, बाई ऐकत. यंदा ते नव्हते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पालघरच्या घरात बाईंनी सकाळपासून पाच पुस्तकं काढली आणि दोन-दोन पानं वाचून मिटून ठेवली.

शिरगावची जमना मासे घेऊन दारात आली, तेव्हा त्या पुन्हा कपाटापाशीच होत्या.

"बाय, काय शोधताव?"

"वाचायला पुस्तक. पण एकटीनं वाचताना मन लागत नाही गं."

"मंग मला वाचून दाखवा. मी बोंबील साफ करते तवर."

बाईंनी एक संतचरित्र उघडलं.

"यात मानूस शेवटी मरतो का?" जमनानं विचारलं.

"हो, मरतो."

"मंग नको. दुसरं काडा."

बाईंनी समुद्रप्रवासाचं पुस्तक काढलं. वादळाचं वर्णन आलं तसा जमनाचा हात थांबला. "असं नाय करत. एवड्या वाऱ्यात शीड पयलं उतरवतात. पुडं काय झालं?"

पण तिला अजून चार घरं फिरायची होती. ती गेल्यावर बाईंनी पुढचं पान उलटायला घेतलं, पण न वाचताच पुस्तक मिटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नऊपासून त्या दारात येरझारा घालत होत्या. दहाला जमना आली. पाटी उतरवायच्या आधीच तिनं विचारलं, "जहाज वाचलं का?"

"मलाही ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "बस आधी."