लाभांशाचा चहा

शेअर आहे मी, हाँगकाँगच्या एका कंपनीचा. जुन्या काळचा, कागदी, लाल शिक्क्याचा. आमच्या कंपनीच्या बारा भानगडी : सिमेंट, बोटी, हॉटेलं, शीतगृहं. 'एक धंदा बुडाला तर दुसरा तारेल,' म्हणून युएनमास्तरांनी मला घेतलं. ते गेले आणि मी त्यांच्या बायकोच्या, युएनबाईंच्या, बिस्किटांच्या डब्यात राहायला आलो.

दर उन्हाळ्यात माझा लाभांश आला की बाई लेकीला, मान-हिंगला, चहाघरात न्यायच्या. वाफाळत्या टोपल्या, कोंबडीचे पाय आणि शेवटी बिलावरून झटापट. आमच्याकडे बिल दुसऱ्याला भरू देणं म्हणजे नाक कापून घेणं. "हात काढ! तुझे बाबा देतायत," बाई खडसावायच्या. मला कोण अभिमान वाटायचा!

पुढे मान-हिंगला शिवणकामाचं दुकान टाकायचं होतं. "आई, शेअर विक ना. भाव चांगला आलाय."

"वेडी की काय? अंडी देणारी कोंबडी कोणी कापतं का?"

त्या वर्षी लाभांश दुप्पट आला. "बघ!" बाई म्हणाल्या.

अहो, काय बघ? कंपनीनं बोटी विकून ते पैसे वाटले होते. मग हॉटेलं विकली. घरातली भांडी विकून पंगत घालावी, तसला प्रकार. मला तोंड असतं तर बोंबललो असतो. दुकानाचा गाळा दुसऱ्यानं घेतला आणि मान-हिंग परक्याच्या कारखान्यात काज-बटणं करत राहिली.

विकायला काही उरलं नाही, तसा लाभांश बंद झाला. बाईंनी लेकीला हे सांगितलं नाही. औषधाच्या पैशातून चहा पाजत राहिल्या, तोही माझ्या नावावर! लाजेनं मेल्याहून मेलो.

परवा बाईंनी मला चहाघरात नेलं, लेकीपुढे ठेवलं. "तुझ्या नावावर करते. माझं काय, आज आहे उद्या नाही."

मान-हिंगचं लक्ष आईच्या सुजलेल्या पावलांकडे गेलं. "गोळ्या घेतेस ना?"

बाईंनी पावलं खुर्चीखाली ओढून घेतली.

"आई, लाभांश कधीच बंद झालाय. पेपरात येतं ते."

"माहीत होतं तुला? मग मला बिल का भरू दिलंस?"

"तेवढाच तुझा तोरा उरला होता गं. बचतीतून देतेस, असं वाटलं. गोळ्या सोडल्यास हे कुठं माहीत होतं?" ती रडायला लागली.

"तुझं दुकान मीच खाल्लं," बाई म्हणाल्या.

नाही हो बाई, मी खाल्लं. पोरी, मला नावावर घेऊ नकोस. आज मिळेल त्या भावात फुंकून टाक. महिनाभराच्या गोळ्या येतील. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे.