पाहुण्यांचं पाणी

सुधीरसरांच्या महाडमधल्या दुकानात सगळ्या वेबसाइट एकाच साच्यातून निघत. वर फोटो, खाली सूचनेची चौकट. चौकटीची फाइल एकच, ती सगळीकडे जोडलेली. "एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं," असं ते हाताखालच्या प्रियदर्शिनीला कौतुकाने सांगत.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर भरणाऱ्या मेळाव्यासाठी तिथल्या समितीची वेबसाइट सरांनीच घाईत उरकली. ती पाहायला समितीतले श्रीपत, प्रियदर्शिनीचे वडील, दुकानात आले. चवदार तळ्याच्या फोटोखाली ठळक अक्षरांत होतं: 'हे पाणी फक्त आमच्या पाहुण्यांसाठी आहे.'

श्रीपतांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या तळ्यावर ह्ये कुनी लिवलं गो?" आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

प्रियदर्शिनीने ती ओळ सरांना मोठ्याने वाचून दाखवली.

"अगं, पोलादपूरच्या रिसॉर्टच्या स्विमिंग पूलची सूचना आहे ती," सर मान वर न करता म्हणाले. "एवढं काय त्यात? बदलून टाक."

"इथलं पाणी प्यायले म्हणून आमच्या माणसांची डोकी फुटली, सर."

तिने चौकटीची फाइल उघडली, ओळ पुसली आणि लिहिलं: 'हे पाणी सर्वांचं आहे.'

अर्ध्या तासात रिसॉर्टच्या मालकाचा फोन आला. "आमच्या पूलवर हे कोणी लिहिलं?" हा आवाज सरांच्या फोनबाहेर ऐकू येत होता.

"काढ ते आधी," सर ओरडले.

"तुम्हीच काढा," ती पर्स उचलत म्हणाली. "पण मग ते तळ्यावरूनही जाईल. बाबा बाहेरच बसलेत. त्यांना सांगून काढा."