मारेकरी: क की ग?

अप्पासाहेब दिवाण गेले ते भर जेवणात. केळीच्या पानावर तोंड आपटलं आणि कारभार आटोपला. घाबरू नका, अप्पासाहेब कागदावरचे. पण त्यांचा खून होऊन सहा वर्षं झाली, तेवीस अंक निघाले, आणि मारेकरी काही सापडेना. सापडणार कसा? शोधणारा होता वेष्टीवीर, म्हणजे कमरेला दाक्षिणात्य पद्धतीची लुंगी गुंडाळलेला वीर! ह्या वीराच्या तोंडात विड्याचं पान असेतोवर तो उडायचा, थुंकला की धपकन खाली. म्हणजे हवेत असताना बोलायची सोय नाही. संशयितांना प्रश्न विचारायचे तर आधी खाली पडायला हवं. अशानं तपास लांबणार नाही तर काय!

हा वीर तमिळनाडूतल्या कुंभकोणम्‌कडच्या दोन भावंडांच्या डोक्यातून निघाला होता. चित्रं काढायची शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या वाणीनं. गोष्ट लिहायची तिच्या अण्णानं, म्हणजे सेतुरामानं. तो रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहायला जवळच्याच तिरुविडैमरुदूरला. विषांची नावं त्याला तोंडपाठ आणि राग नाकाच्या शेंड्यावर. छपाई वाणीचा नवरा उमेश करायचा, महामहम् तळ्यामागच्या गल्लीतल्या आपल्या प्रेसमध्ये. अंक मराठीतून निघायचा. तंजावरकडची मराठी घरं, चेन्नई-बंगळूरला गेलेली त्यांची मुलंबाळं, असे चारशे वाचक होते आणि चारशेच्या चारशे जण मारेकऱ्यासाठी टपून बसले होते.

आता ह्यात एक गोम होती. वाणी हिंदीच्या परीक्षा देता देता बाळबोध अक्षरं शिकली होती. अण्णा शिकला नव्हता. घरात मराठी बोलायची आणि लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहायची, ही त्याची लहानपणापासूनची रीत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्या चौघांत मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ तसेच एका खोलीतले भाडेकरू. प, ब, भ यांचंही तेच. अण्णा मजेत लिहून मोकळा व्हायचा आणि वाणी कागद उजेडात धरून बसायची. एकदा तर ‘पाठ दुखते’ असं म्हणणारा वीर अंकात ‘भाट दुखते’ म्हणाला होता, आणि हा भाट कोण, म्हणून वाचकांनी पत्रं पाठवली होती.

त्यानंतर वाणीनं शहाणपणा केला. रोज संध्याकाळी फोन उचलायचा आणि विचारायचं, “अण्णा, क की ग?” अण्णा ओरडायचा, “एवढं कळत नाही तुला?” मग सांगायचा. मग भाताचा विषय निघायचा, मग शेजाऱ्यांचा, मग आईच्या हातच्या कशाकशाचा. एका अक्षरापायी पाऊण पाऊण तास जायचा. उमेश म्हणायचा, तुमच्या दोघांच्या बोलण्यावर फोन कंपनी चालते.

आणि मग सोळाव्या अंकात वाणीनं वीराला पँट घातली.

तिचंही चुकलं नव्हतं. उडणारा माणूस, कमरेला वेष्टी, आणि बघणारे अस्से खाली उभे. शाळेतल्या मुली अंक वाचतात, लाज नको? अण्णा फोनवर कडाडला, “मग त्याचं नाव पँटवीर ठेव! माझं नाव काढून टाक!” वाणीही कमी नव्हती. म्हणाली, “तूच एकदा वेष्टी नेसून गच्चीवर उभा राहा, नंदितावहिनीला खालून बघू दे!” फोन आपटले गेले, दोन्हीकडचे. ते भांडण दोन वर्षं झाली तरी मिटलं नव्हतं. बोलणं बंद, येणंजाणं बंद. अण्णाचे कागद मात्र दर तीन महिन्यांनी पोस्टानं यायचे, तेही उमेशच्या नावावर. आठ-नऊ किलोमीटरवरून पोस्टानं! वाणी ते कागद आधी नुसतेच वाचायची, एकटी बसून. ओळखीचं वाकडं अक्षर दिसलं की तिला बरं वाटायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

आणि आता आले चोविसाव्या अंकाचे कागद. शेवटचे. गोष्ट संपली की पाकीट येणार नव्हतं, हे वाणीला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या पानावर अण्णानं लिहिलं होतं, ‘मारेकरी:’ आणि पुढं दोन अक्षरं. खाली, ‘उरलेली दोन पानं तुझी, नीट काढ.’ बस्स.

ती दोन अक्षरं वाणीनं वाचली. कढी.

मग पुन्हा वाचली. गडी. घडीसुद्धा होत होती, पण घडी कुणाला मारत नाही. अप्पासाहेबांच्या घरी जानकीराम नावाचा गडी होता खरा. पहिल्या अंकापासून कोपऱ्यात झाडू घेऊन उभा. पण वाणीनं त्याला आपल्या मनानं तिथं उभा केला होता, कोपरा मोकळा दिसतो म्हणून. आणि अप्पासाहेब पडले ते जेवताना, पानावर कढी वाढलेली असताना. अण्णाला विषांचा सोस. कढीच असणार! नाही तर गडी. नाही तर कढीच.

“फोन कर ना,” उमेश म्हणाला.

“मी? मेले तरी नाही करणार.”

“मग मी करतो.”

“खबरदार! कागद तुमच्या नावावर येतात म्हणून तुम्ही काही लेखक झाला नाहीत!”

उमेशनं हात जोडले आणि प्रेसमध्ये गेला. वाणीनं दोन दिवस पेन्सिल कुरतडली आणि शेवटी कढी काढली. काढली ती मात्र झकास. वाफाळणारी, पिवळी, वर कढीपत्ता. विष कुणी घातलं ते अण्णानं लिहिलंच नव्हतं, म्हणून तिनं विष वगळलं. अप्पासाहेबांना घाईनं ओरपायची सवय, ठसका लागला आणि गेले. खून झालाच नव्हता! वेष्टीवीर सहा वर्षं कढीच्या मागावर होता.

अंक निघाला तो सगळी मराठी घरं जमतात त्या गोविंदपुरम्‌च्या देवळाच्या उत्सवात, आणि दुपारपर्यंत लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. चेन्नईच्या मंगलाबाईंनी भर मंडपात विचारलं, “सहा वर्षं वाट बघितली ती ह्या कढीसाठी?” तरुण पोरं पोट धरून हसत होती. मीनाक्षीबाई म्हणाल्या, आता सणाला कढी करायची चोरी झाली. वाणी सगळ्यांना हसून उत्तरं देत होती, पण तिचं लक्ष गर्दीत होतं. अण्णा आला नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला. थेट घरी. हातात अंकाची सुरळी, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, आणि दारातूनच गर्जना.

“गडी! गडी गे! जानकीराम! हे काय केलंस?”

दोन वर्षांनी तो आवाज कानावर पडला आणि वाणीला आनंदानं रडूच फुटणार होतं. पण रडली असती तर ती वाणी कसली? तीही कंबर कसून उभी राहिली.

“तू क लिहितोस, मी काय समजू?”

“चोवीस अंक झाडू घेऊन उभा आहे तो! तुझी ती कोपऱ्यातली चित्रं बघूनच मी त्याला मारेकरी केला. तू काढला होतास म्हणून! आणि तुलाच कळू नये? विचारायचं होतंस!”

“कुणाला विचारायचं? कट्टी तूच केलीस ना?”

“मी?”

“मग काय मी? पँटच्या भांडणानंतर चौथ्या दिवशी चिठ्ठी धाडलीस. कोऱ्या कागदावर एक शब्द, कट्टी! अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, प्राध्यापक म्हणे, आणि शेंबड्या पोरासारखी बहिणीशी कट्टी! आईचं श्राद्ध दोन घरांत झालं तुझ्यापायी. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन मला शेजाऱ्यांकडून कळलं!”

अण्णानं सुरळी टेबलावर टाकली.

आरडाओरडा ऐकून आतून आलेला उमेश मध्येच म्हणाला, “कट्टी? ती चिठ्ठी मीही बघितली होती. मला वाटलं, अण्णांना गळू झालंय. तमिळमध्ये कट्टी म्हणजे गळूच की. मी वहिनींना मलमसुद्धा पाठवलं होतं.”

“गप्प बसा हो!” दोघं एकदम ओरडली.

मग अण्णा मटकन खुर्चीत बसला. म्हणाला, “गट्टी लिहिलं होतं मी.”

“काय?” वाणी किंचाळली.

“गट्टी गे. माझं चुकलं, असं लिहिता येईना, म्हणून तेवढं एकच लिहिलं. आठवडाभर फोनपाशी बसलो. तुझं काही उत्तर आलं नाही. म्हटलं, हिला नको असेल.”

आता मात्र वाणीला आवरेना. ती भडाभडा रडली, आणि रडता रडता त्याच्या दंडावर दोन ठोसेही मारले. “दोन वर्षं रे अण्णा! एका अक्षरापायी दोन वर्षं!”

अण्णानं डोळे पुसले. मग टेबलावरचा कागद ओढला, तिची पेन्सिल उचलली आणि म्हणाला, “शिकव मला. तुझ्या लिपीतला ग कसा काढतात, आत्ता दाखव. म्हणजे पुन्हा ही भानगड नको.”

वाणीनं त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

“काही गरज नाही शिकायची,” ती नाक ओढत म्हणाली. “तू शिकलास, तर मी फोन कशाला करू?”