वाटीतली मुंगी

थापड इतक्या जोरात बसली की रागिणीच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. दारामागे, धान्याच्या कोठीला टेकून ती बाळाला पाजत होती. चोरून. स्वतःच्याच लेकराला, स्वतःचंच दूध, चोरून! तिथेच सासूने तिला गाठलं. दुर्गाबाईंनी थापड मारली आणि छातीला लागलेलं बाळ ओढून घेतलं. बाळाच्या गालावर दुधाची धार ओघळली होती. दुर्गाबाईंनी ती पदराने खसाखसा पुसली, जसं काही अंगावर ॲसिडच सांडलं होतं.

"मारून टाकतं काय त्याले? सांगतलं होतं न तुले, तुह्या दुधात जहर हाये म्हनून?"

आता तुम्ही म्हणाल, कुठल्या जमान्यातली ही गोष्ट? अहो, याच जमान्यातली. मोर्शीजवळच्या एका गावात सिमेंटचं पक्कं घर, मागे संत्र्याची बाग, घरात फ्रिज, माणशी एक मोबाईल. रागिणीचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बाळ चांगलं गुटगुटीत होतं. फक्त जरासं पिवळं होतं, आणि बारसं झालं तरी पिवळंच राहिलं.

पाहायला येणाऱ्या बायांना तेवढंच पुरलं. "पोट्टं हळदीत बुडवून काढल्यावानी दिसते बाप्पा," एक म्हणाली. दुसरीने रागिणीने गरोदरपणात संत्री किती खाल्ली याची चौकशी केली. तिसरीने दुर्गाबाईंच्या कानाशी लागून सांगितलं, "सुनेचं दूध पाह्यलं काय?"

दूध पाहायची रीत अशी. आईचं थोडं दूध वाटीत पिळायचं आणि त्यात एक मुंगी सोडायची. मुंगी चालत बाहेर आली तर दूध चांगलं. मेली तर दूध विषारी.

मुंगी मेली.

तेव्हापासून रागिणीचं दूध बंद झालं. बाळाला पिशवीचं दूध निम्मं पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजू लागले. रागिणीची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला, ब्लाउज भिजून चिकटायचा. "मोरीत पिळून टाक," एवढंच सासूबाई म्हणायच्या. इकडे बाळाला हगवण लागली. आधी ते रडून घर डोक्यावर घ्यायचं. मग नुसतं कण्हू लागलं. आणि आज तर तेही नाही.

त्याच दिवशी प्रणाली कॉलेजातून आली तेव्हा घरात तापल्या लोखंडाचा वास होता. ती दुर्गाबाईंची धाकटी मुलगी, रागिणीची नणंद. अकरावी सायन्सला होती, मोर्शीला जायची आणि अलीकडे घरात उलट प्रश्न विचारायला शिकली होती. दप्तर खांद्यावर ठेवूनच ती स्वयंपाकघरात शिरली आणि दारातच थांबली.

फरशीवर मांडलेल्या गॅसवर विळा ठेवलेला होता. त्याचं टोक लाल झालं होतं. दुर्गाबाईंच्या मांडीवर बाळ उघडं पडलं होतं. भाऊ अमोल रागिणीचे दोन्ही हात मागून धरून उभा होता, आणि रागिणी सुटण्यासाठी त्याच्या पायांवर टाचा मारत होती.

"दादा, हे काय करून राहिले तुमी?"

"कावीळ डागून राहिलो," अमोल म्हणाला. त्याचा आवाज त्याचा त्यालाच पटत नव्हता. "तू बाहेर जाय."

दुर्गाबाईंनी अमोलच्या शर्टाकडे बोट केलं. "त्याच्या पोटावर पाह्य, दोन डाग हायेत. लहानपनी हा बी असाच पिवळा पडला होता. तुह्या आजीनं इळा लावला, अन् आज ट्रॅक्टर चालवून राहिला."

"वैनीचं दूध बंद काहून केलं?"

"मुंगी मेली त्याच्यात! मी सोता पाह्यलं."

प्रणालीने दप्तर खाली टाकलं. तिचं डोकं एकदम लख्ख चालायला लागलं होतं. तिने दोन वाट्या घेतल्या. एकीत पिशवीचं दूध ओतलं, दुसरीत माठातलं पाणी. साखरेच्या डब्याला लागलेल्या मुंग्या चिमटीने उचलल्या, दोन्ही वाट्यांत सोडल्या आणि चमच्याने हलक्या हाताने बुडवल्या. वाट्या नेऊन तिने आई आणि अमोलच्या मध्ये फरशीवर ठेवल्या आणि तिथेच बसली.

"पाह्य दादा. आईनं वैनीची परीक्षा घेतली न? मी याची घेऊन राहिली, पिशवीच्या दुधाची. अन् आपल्या माठाची."

दुधातली मुंगी पाय झाडत राहिली आणि निपचित झाली. पाण्यातली जरा जास्त धडपडली, इतकंच. मग तीही गेली.

अमोल वाटीकडे पाहत राहिला.

"आता पानी बी बंद कर घरातलं," प्रणाली म्हणाली. "जहर हाये न? अरे, मुंगीले पोहता येत नाही दादा! थे बुडून मेली. वैनीच्या दुधानं नाही मेली!"

अमोलची पकड सैल झाली. पण दुर्गाबाईंच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. पोटच्या पोरीने सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, हेच त्यांना आधी झोंबलं.

"चार बुकं वाचून मायले शिकवतं?" त्यांनी एका हाताने वाट्या उडवल्या. दूध भिंतीवर गेलं, वाटी प्रणालीच्या कपाळाला लागली आणि भुवईच्या वर रक्त आलं. दुसऱ्या हाताने त्यांनी फडक्यात धरून विळा उचलला आणि बाळाच्या पोटाकडे नेला.

रागिणी अमोलच्या हातातून निसटली. तिने विचार केला नाही, ओरडली नाही. बाळाच्या पोटावर तिने आपला हात आडवा घातला.

चर्रर झालं. कातडी जळल्याचा वास सुटला. विळा मनगटापासून वर सरकत गेला आणि फरशीवर पडला. रागिणीने तरीही हात काढला नाही. त्याच हाताखाली बाळ होतं, आणि ते दचकलंसुद्धा नाही. या सगळ्या आकांतात ते लेकरू दचकलंसुद्धा नाही!

हे पहिल्यांदा अमोलच्या ध्यानात आलं. त्याने लाथेने विळा दूर उडवला. "बस झालं माय," तो म्हणाला.

मागच्या दारात सासरे नत्थुजी उभे होते. या घरात त्यांचा आवाज कोणी फारसा ऐकलेला नव्हता. ते म्हणाले, "गाडी काढतो. सगळे बसा. दुर्गे, तू बी."

संत्री वाहायच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत बसून ते अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पोचले. रागिणीने वाटेत पदराआड बाळाला छातीशी धरलं. आधी ते ओढेचना. तिने दूध पिळून थेंब थेंब त्याच्या ओठांवर सोडलं. अर्ध्या रस्त्यात बाळाने जीभ हलवली. दुर्गाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी या वेळी बाळाला हात लावला नाही.

डॉक्टर ज्योत्स्ना बाळांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी बाळाला तपासलं, तळहात आणि तळपाय उजेडात पाहिले, शी आणि लघवीचा रंग विचारला, रक्त तपासायला पाठवलं. बाळाला सलाईन लागलं. मग त्यांनी रागिणीचा हात पाहिला.

"हे कोणी केलं?"

 प्रणालीने कपाळावरचा रुमाल घट्ट दाबला.

"म्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "लेकराले डागाले गेली होती. तिनं हात घातला."

"हे मला कागदावर लिहावं लागेल, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "लेकराला डागणं गुन्हा आहे, सुनेला भाजणंही."

"लिवा."

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं. "कावीळ धोक्याच्या पातळीला गेलेली नाही. अंगावर पिणाऱ्या कितीतरी बाळांना दोन आठवड्यांनंतरही असा पिवळेपणा राहतो. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, तर तो हळूहळू आपोआप जातो. एकदा तपासून घ्यायचं आणि पाजत राहायचं. तुमच्या बाळाला कावीळ मारत नव्हती. उपास मारत होता."

"पन मॅडम, दूध बंद केल्यावर पिवळेपना कमी व्हाले पायजे होता न?" अमोलने विचारलं.

"उलट झालं. हा पिवळा रंग बाहेर जातो शीवाटे. पोटभर दूध नाही, तर तो रंग पुरता बाहेर पडत नाही आणि बाळाची तब्येत ढासळते. त्यात तुमच्या पाण्याच्या दुधाने हगवण लागली, अंगातलं पाणी गेलं. उद्यापर्यंत थांबला असता तर मी काही करू शकले नसते."

"अन् या अमोलले डागलं होतं थे?" दुर्गाबाईंचा आवाज खाली गेला होता. "हा तर वाचला न?"

"आजी, तो डागल्यामुळे नाही वाचला. डागूनही वाचला. तेव्हा त्याचं दूध बंद केलं होतं का?"

दुर्गाबाईंनी आठवून पाहिलं. "नाही. सासू म्हने, पाजत राह्य, रडन नाही तर."

"मग त्याला कोणी वाचवलं?"

दुर्गाबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांनीच वाचवलं होतं आणि इतकी वर्षं श्रेय विळ्याला दिलं होतं!

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. प्रत्येक कावीळ अशी साधी नसते. जन्मल्याच दिवशी बाळ पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ पीत नाही, उठवूनही उठत नाही, शी पांढरट होते, तर घटकाभरही घरी थांबायचं नाही. काहींना निळ्या उजेडाखाली ठेवावं लागतं. पण त्यांचंही आईचं दूध सहसा बंद करत नाहीत.

बाळाने डोळे उघडले तेव्हा अमोल त्याला घ्यायला पुढे झाला. रागिणीने त्याच्याकडे पाहिलं. "आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "याच हातानं मले धरलं होतं तुमी." अमोल नळाशी गेला आणि हात चोळून चोळून धुऊ लागला.

बाळाचा पिवळेपणा ओसरायला बरेच दिवस गेले. रागिणीच्या हातावरचा पट्टा काही जाणार नाही. विळ्याचं टोक नत्थुजींनी दगडावर ठेचून वाकवलं.

परवाच शेजारच्या शालिकरामची बायको हातात वाटी घेऊन आली. "दुर्गाबाई, आमच्या सुनेचं लेकरू बी पिवळं दिसून राहिलं. तेवढं दूध पाहून देता काय? तुमाले येते न मुंगीचं?"

दुर्गाबाई उठल्या. त्यांनी माठातून पेलाभर पाणी काढलं, डब्यावरची मुंगी त्यात बोटाने बुडवली आणि पेला तिच्यासमोर ठेवला.

"आधी हे पाह्य," त्या म्हणाल्या. "मंग लेकरू घेऊन चाल दवाखान्यात. मी येतो संग. अन् रस्त्यानं सुनेले पाजू दे."

वाचकहो, मुंगी बिचारी कशातही बुडते. तिच्या साक्षीवर आपण एका आईला आरोपी करतो आणि लेकराला उपाशी मारतो. बाळ पिवळं दिसलं तर डॉक्टरला दाखवा, तपासून घ्या, आणि आईचं दूध सुरू ठेवा. विळा धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं गवत कापायला असतो, लेकराच्या पोटावर टेकवायला नव्हे.