टायगरचं गुरगुरणं

बाळांनो, डोळे मिटा आणि दापोड्याचं एक गोदाम मनात आणा. तुमची अख्खी शाळा आत मावेल एवढं मोठं. वर पत्र्याचं छप्पर, पुढे ट्रक लागायचा उंच ओटा, आणि ओट्यावर तांबूस रंगाचं चार महिन्यांचं पिल्लू. आता त्या पिल्लासमोर पांढरे बूट घातलेला, गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक माणूस उभा करा. दोघांपैकी शहाणं कोण, ते इतक्यात ठरवू नका.

तो माणूस म्हणजे मृणालीचा प्रितेशकाका. गोदाम आपलं, म्हणजे जगातली अक्कलही आपलीच, असं त्याला वाटे. पिल्लू निवडतानासुद्धा त्याने ती अक्कल वापरली. दिघाशीला एका घरी कुत्री व्यायली होती. काकाने तिथे एकेक पिल्लू मानगूट धरून उचललं. केकाटलं ते भित्रं, गप्प राहिलं ते शूर. गोदामाला राखणदार असाच निवडायचा, असं त्याला त्याच्यासारख्याच चार गोदामवाल्यांनी सांगितलं होतं. एकच पिल्लू गप्प राहिलं. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाला लागलेलं, भीतीने पार थिजलेलं. काका म्हणाला, "हाच माझा टायगर."

दहा वर्षांची मृणाली शेजारीच उभी होती. काकाला काही कळत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढे ते रोजच कळू लागलं.

टायगरने पुढचे पाय जमिनीला टेकवून बूड वर केलं, की काका दोन पावलं मागे सरे. "बघा, झेप घेतोय." अरे, ते पोर खेळायला बोलवत होतं. हमालांना ते कळत होतं, ते टाळी वाजवून त्याच्यासोबत पळत. मालकाला तेवढं कळत नव्हतं. चार पाहुण्यांनी घेरल्यावर टायगरने जांभई दिली, की काका म्हणे, "झोप आली त्याला." भर गर्दीत घाबरलेल्या जिवाला कसली झोप येते?

गोदामाचे म्हातारे वॉचमन दामूबाबा. त्यांनी मृणालीला सांगितलं होतं, "बाय, त्यो तोंडानं बोलत न्हाय, अंगानं बोलतो. नाक चाटतो, तोंड फिरवतो, म्हंजे 'नको' म्हनतो. तरी आपुन आयकलं न्हाय, तर गुरगुरतो. त्ये त्याचं शेवटचं सांगनं हाय."

काकाने नेमकं तेच बंद पाडलं. टायगर गुरगुरला की पाठीत वर्तमानपत्राची सुरळी बसे. पंधरा दिवसांत आवाज गेला आणि काका ज्याला त्याला सांगत सुटला, "शिस्त लावली." चोरावर भुंकायला कुत्रा आणायचा आणि त्याचाच घसा दाबायचा. असल्या अकलेला मृणालीने मनातल्या मनात कोपरापासून हात जोडले.

ती हसलीही असती. पण आधीच्या कुत्र्याने एका हमालाला दात लावला, तेव्हा काकाने त्याला त्याच दिवशी गुजरातच्या ट्रकमध्ये चढवलं होतं. कुठे उतरवलं, ते ड्रायव्हरलाही आठवत नव्हतं. टायगर एकदा चावला की तोही असाच जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकाच्या मुलाचा, भाविकचा, तिसरा वाढदिवस ओट्यावरच झाला. मंडप, केक, कान फाडणारे स्पीकर. काकाला रील हवी होती. त्याने टायगरला खांबाला बांधलं आणि मोबाइल धरून म्हणाला, "भाविक, गळ्यात हात टाक. पप्पी घे."

भाविकने मानेला मिठी मारली. टायगरने नाक चाटलं. तोंड फिरवलं. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला. शेपूट ताठ वर गेलं आणि त्याचं टोक बारीक हलू लागलं.

"बघ कसा खूश झालाय. शेपूट हलवतोय."

"काका, खूश नाहीये तो. खूश असला की सगळं अंग हलतं त्याचं. भाविकला बाजूला घ्या."

"काय गो, कुत्र्यांची डाक्टरीन झालीस का? गुरगुरला का तो? नाय ना?"

"तुम्हीच मारून मारून बंद केलंत ते."

पाहुणे हसले. एक जण म्हणाला, "शेठ, पुतणी तुमच्यावर गेली." काकाला ते कौतुक वाटलं. "सरक, मध्ये येतेस. भाविक, अजून घट्ट."

शेपटीचं टोक थांबलं. टायगरचं तोंड मिटलं, अंग दगडासारखं झालं. खालून दामूबाबा म्हणाले, "शेठ, पोराला घ्या." शेठला वॉचमनचं ऐकायची सवय नव्हती.

तुम्ही टायगरला ओढलं असतं, हो ना? मग चावा बसलाच असता. मृणालीने त्याला हातही लावला नाही. ती बाजूने हळू गेली आणि भाविकला म्हणाली, "तुझ्या केकवरचं फूल कोण खाणार?"

भाविकने मिठी सोडली आणि धूम ठोकली.

"माझी रील घालवलीस," काका ओरडला.

"घ्या ना परत," मृणाली म्हणाली. "आता तुम्ही टाका गळ्यात हात. पप्पी घ्या."

काकाने टायगरकडे पाहिलं. पाहुण्यांनी काकाकडे पाहिलं. पांढरे बूट जागचे हलले नाहीत.

मग मृणालीने खांबाचा दोर सोडला. टायगर थेट ओट्याखाली दामूबाबांच्या खाटेमागे जाऊन बसला. ती ओट्याच्या पायरीवर आडवा पाय टाकून बसली आणि खाली जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगू लागली, "थांबा. त्याला यायचं असेल तर तो येईल." काका आला, तेव्हा त्यालाही तिने तेच सांगितलं, आणि पाय काढला नाही.