भिजत घातलेला वेत

पोटच्या मुलाचं वाईट बोलू नये असं कुठं लिहिलेलं असेल, तर ते मला वाचता येत नाही. माझा थोरला बापूराव पंचायत समितीत बाबू आहे. त्यानं गेल्या रविवारी सख्ख्या धाकट्या भावाला मागच्या कोठीत बसवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. का, तर बापूरावच्या पोरीला, सत्यशीलेला, बघायला ब्रह्मपुरीची माणसं येणार होती.

धाकटा सोमाजी नऊ वर्षं वेड्यांच्या दवाखान्यात होता. गेला तेव्हा अंगावर कपडा ठेवत नव्हता, बोलणं तर दूरच. तिथं आधी पेशंटांकडून बगीचा खणून घेत, पाणी भरून घेत. ते दवाखान्याच्या सोयीसाठी. मग एक शिकलेली बाई आली. ती म्हणे एकेकाचे हात हातात घेऊन बघायची आणि ठरवायची, याला हातमाग, याला सुतारकाम. सोमाजीला तिनं वेताच्या खुर्च्या विणायला बसवलं. सहा महिने तो नुसता वेत भिजवत होता. सातव्या महिन्यात तोंड उघडलं. काय बोलला, तर ‘पाणी बदला.’

चौऱ्यांशी साली त्याला घरी आणला, तेव्हा पहिली चूक माझीच झाली. एवढं सोसून आलेला लेक, म्हणून मी त्याला बाजेवर बसवून खाऊ घातलं, काडी उचलू दिली नाही. दोन महिन्यांत तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीनं त्याला परत दवाखान्यात दाखवायला नेला. गोळ्या वेळेवर देता ना, बाईनं विचारलं. देते म्हटलं.

“मग अर्धंच औषध नेलंत तुम्ही घरी,” ती म्हणाली, आणि वेताची मोळी माझ्या हातात दिली.

तेव्हापासून आमच्या ओसरीवर वेताची बादली असते. शाळेच्या, विहाराच्या, अर्ध्या नागभीडच्या फाटक्या खुर्च्या आमच्याकडे यायला लागल्या. कय्यूम सुतार पाय जोडायचा, सोमाजी बैठक विणायचा.

“सोमाजीभाऊ, इतकी चांगली नका विणत जाऊ,” कय्यूम म्हणायचा. “साहेब बसला का उठतच नाई.”

सोमाजी हसायचा. माझा सोमाजी हसायचा, हे मी दोनदा सांगते.

रविवारी बापूराव म्हणाला दोन तासांचा प्रश्न आहे, काकाला पाहून पोरीचं जमता जमता मोडेल. नातीचं नाव आलं म्हणून मी गप्प राहिले. पाहुणे सोमाजीनं विणलेल्या खुर्च्यांवरच बसले. मुलाच्या मामानं बैठकीवर हात फिरवला, दाबून पाहिली, आणि विचारलं, असं काम करतो कोण. नागपूरहून आणल्या, बापूराव म्हणाला. माझ्या हातात पोह्यांची ताटली होती. मी ती मामापुढे धरली. मला याचा जाब कुणी विचारला नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

पाहुणे गेल्यावर कुलूप काढलं. सोमाजीनं कोठीतल्या बाजेची सगळी दोरी उसवून काढली होती आणि रिकाम्या चौकटीच्या मधोमध, जमिनीवर बसला होता. दोन्ही हात काखेत. दाराबाहेर कुलूप वाजलं की काय समजायचं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आज आठ दिवस झाले. हात काखेतून काढत नाही. घास मी भरवते. त्याच्यापुढे वेत ठेवला, तर माझ्याकडेच बघत राहिला.

आज सकाळी बापूराव ओसरीवर आला. ब्रह्मपुरीचा होकार आला होता. बादलीला वास मारतो म्हणाला, आणि मग खाली बघून म्हणाला,

“आई, सोमाजीले परत नेऊन देऊ. तिथीच बरा राह्यते तो.”

मी बादली उचलली नाही.

“नेऊ त्याले,” मी म्हटलं. “पण तू बी चाल. त्या बाईले तुया तोंडानं सांग का कुलूप तू लावलं, अन् माय पोहे वाटत होती. तिथी बी दाराले कुलूपच होतं, बापूराव. नऊ वर्सं होतं. पण त्याईनं त्याच्या हाताले काम देल्लं. तू त घरातल्या घरात त्याचे हातच काढून घेतले.”